तारण काय देणार?



या पानावर बहुतेक वेळा आपल्या बडोद्याच्या आठवणी येतात. दांडिया बाजारातले वाडे, सुरसागरची संध्याकाळ, वाडवडिलांच्या संस्थानातल्या नोकऱ्या. आज विषय जरा लांबचा आहे, पण घरातूनच निघालाय, म्हणून हक्काने लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला चार महिने होतो. नातू तिथेच जन्मलेला, वय चोवीस, हिशेब तपासणीच्या एका फर्ममध्ये बरी नोकरी. एका रविवारी जेवताना म्हणाला, "आजोबा, मी नोकरी सोडतोय. पूर्ण वेळ एमसी होणार. ड्रम अँड बेसमध्ये." लेक ताटावरून उठून गेली. जावई गप्प. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. सवयीने तोंडातून निघालं, "प्रोजेक्ट रिपोर्ट आण. तुझ्याआधी या धंद्यात गेलेल्यांचं काय झालं ते सांग, मग बोलू."

पोराने मनावर घेतलं. पुढचे पंधरा दिवस रोज रात्री तो सांगायचा, ऐकवायचा, आणि मी वहीत डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे लिहीत जायचो. ती वही समोर ठेवूनच हे लिहितोय.

डीजे म्हटलं की आपल्याला मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आठवतात. हे प्रकरण वेगळं. मूळ जमैकाचं. तिथे चौकात मोठाले स्पीकर लावून तबकड्या वाजवायचे आणि एक जण त्यावर माईक घेऊन तालात बोलायचा. गंमत म्हणजे तिथे तबकड्या लावणाऱ्याला सिलेक्टर म्हणतात आणि बोलणाऱ्याला डीजे. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरची माणसं कामासाठी इंग्लंडात आली, त्यांच्याबरोबर हा रिवाजही आला. त्यांची पोरं-नातवंडं मोठी झाली आणि १९९० च्या सुमारास लंडन, ब्रिस्टलमध्ये त्यातून एक भन्नाट वेगाचं संगीत निघालं. आधी नाव जंगल, मग ड्रम अँड बेस. मिनिटाला १७० च्या आसपास ठोके. आपला द्रुत तीनताल ऐकलेल्या कानाला वेग झेपतो, खालचा घुमारा मात्र छातीत बसतो. तबकडी लावतो तो डीजे, त्यावर शब्द फेकतो तो एमसी.

माझा पहिला प्रश्न: पगार कोण देत होतं? उत्तर: कोणी नाही. सुरुवात बेकायदा रेडिओवर. उंच सरकारी इमारतींच्या गच्चीवर चोरून ट्रान्समीटर बसवायचा, अधिकारी येऊन तो उचलून न्यायचे, की दुसरा लावायचा. १९९१ साली हॅकनी भागात सुरू झालेलं कूल एफएम हे त्यातलं गाजलेलं नाव. तिथे डीजेला पैसे मिळत नसत, उलट वाजवायला मिळावं म्हणून तोच स्टेशनला वर्गणी देई. मी वहीत लिहिलं, "उमेदवारी, स्वखर्चाने."

त्यात १९९४ साली सरकारने रानावनातल्या नाचरात्रींविरुद्ध कायदा केला. कायद्याच्या कलमात चक्क एकामागोमाग येणाऱ्या ठोक्यांचा उल्लेख आहे. पोलिसांनी ताल कसा मोजायचा, देव जाणे.

मग टिकलं कोण? फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर ही दक्षिण लंडनची जोडी. हेवन नावाच्या क्लबात दर गुरुवारी 'रेज' ही त्यांची रात्र असे, ती १९९३ साली बंद झाली. पण त्या रात्रींत कितीतरी जण तयार झाले. या दोघांना १९९८ साली बीबीसीच्या रेडिओ वनवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला, तो २०१२ पर्यंत चालला. म्हणजे चौदा वर्षं.

त्याच 'रेज'ला दोन मैत्रिणी नेमाने जात. केमिस्ट्री आणि स्टॉर्म. एक मेकअपचं काम करायची, दुसरी इस्पितळात एक्स-रे काढायची. नोकऱ्या सांभाळून त्यांनी तबकड्या जमवल्या, हात बसवला. त्यांनीच गोल्डीला तिथे नेलं. गोल्डीचं बालपण अनाथगृहांत आणि परक्या घरांत गेलेलं, तरुणपणी भिंतींवर चित्रं काढायचा. १९९४ मध्ये या तिघांनी मेटलहेड्झ नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. १९९५ ला गोल्डीचा 'टाइमलेस' आला, २०१६ ला सरकारी किताब मिळाला. कंपनी आजही चालू आहे. केमिस्ट्रीचा ताळेबंद मात्र १९९९ च्या एप्रिलमध्ये बंद झाला. कार्यक्रम करून रात्री मोटारीने परतताना रस्त्यात बसवलेला चकाकणारा दिवा उखडून काचेतून आत आला आणि ती जागीच गेली. वय पस्तीस. स्टॉर्म एकटीने वाजवत राहिली. हे सांगताना नातू थांबला होता. मीही पेन खाली ठेवलं.

अँडी सीने विशी गाठण्याआधी, १९९२ साली, भागीदारीत रॅम रेकॉर्ड्स काढली. २०१८ साली वेम्बली अरीनासारखं प्रचंड सभागृह त्याच्या एकट्याच्या नावावर भरलं. ब्रिस्टलच्या रॉनी साइझला शाळेतून काढून टाकलं होतं. १९९७ साली त्याच्या मंडळीच्या 'न्यू फॉर्म्स'ला मर्क्युरी पारितोषिक मिळालं, तेही रेडिओहेडसारखे नामांकित स्पर्धेत असताना.

एवढं लिहून झाल्यावर पानं चाळली तेव्हा एक गोष्ट खटकली. जमेच्या बाजूला सगळे डीजेच. मी विचारलं, "अरे, तू तर एमसी होणार म्हणतोस. ते कुठायत?"

तो जरा वेळाने बोलायला लागला. डीजे स्वतः संगीत रचतो, तबकडी काढतो, कंपनी काढतो. तबकडी झोपेतही विकली जाते. एमसी दुसऱ्याच्या तबकडीवर त्या रात्रीपुरतं बोलतो. लोक नाचतात ते त्याच्या शब्दांवर, पण त्याला मिळते ती त्या रात्रीची बिदागी. त्या रात्रींच्या कॅसेटींचे संच देशभर विकले जायचे. पोरांना ते शब्द तोंडपाठ असायचे, पण त्या विक्रीतलं एमसीच्या हाती फारसं येत नसे. स्टीव्ही हायपर डी हा त्यातला मोठा, १९९८ साली ऐन उमेदीत गेला. स्किबाडी २०२२ साली गेला, सत्तेचाळीसाव्या वर्षी. एलटीजे ब्यूकेमच्या शांत चालींवर जन्मभर बोलणारा एमसी कॉनराड २०२४ साली गेला. रॉनी साइझच्या मंडळीत एमसी डायनामाइटचा आवाज तबकडीवरच होता, पण तसं भाग्य थोड्यांचं.

आणि ज्या ठोक्यांवर हा सगळा इमला उभा, ते तरी कोणाचे? १९६९ सालच्या एका अमेरिकन तबकडीच्या मागच्या बाजूला ग्रेगरी कोलमन नावाच्या ढोलकियाने सहा-सात सेकंद एकट्याने वाजवलं होतं. तोच तुकडा कापून, जोडून, वेग वाढवून हजारो गाणी झाली. कोलमनला त्याचं काही मिळालं नाही. २००६ साली गेला तेव्हा त्याला घर नव्हतं. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून त्याच्या वाद्यवृंदाच्या प्रमुखाला २४,००० पौंड दिले. उशिरा का होईना, कोणीतरी येणं ओळखलं.

मंडळी, इथे मला आपलं बडोदं आठवलं. संस्थानात गायक-वादकांचं वेगळं खातं होतं, कलावंत कारखाना. पगार, रजा, सगळं नियमात. १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली, पुढे फैयाज खाँसाहेब दरबारगायक झाले. महाराज होते म्हणून पहिली तारीख होती. या लंडनच्या पोरांना ना महाराज, ना पहिली तारीख.

आणि आणखी एक आठवलं, जे घरी कधी सांगितलं नव्हतं. १९८३-८४ ची गोष्ट. माझ्या शाखेत लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला नवीन वाद्यासाठी कर्ज मागायला आला होता. मी विचारलं, "तारण काय देणार?" त्याने वाद्याची जुनी पेटी टेबलावर ठेवली. मी अर्ज परत केला. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. पेटी उचलताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आजही डोळ्यांसमोर आहे.

शेवटच्या रात्री नातवाला म्हटलं, "तुझा अर्ज मी फेटाळत नाही. पण अटी आहेत. शब्द तुझे असतील तर ते तुझ्या नावावर नोंदव. माईकवर बोलून सोडून देऊ नकोस, स्वतःची तबकडी काढ. आणि ती स्टॉर्म एक्स-रे काढत होती ना, तसं काही दिवस कर."

तो हसला. "आजोबा, डिझी रास्कल ठाऊक आहे? सुरुवातीला ड्रम अँड बेसच वाजवायचा, मग माईक धरला. २००३ साली मर्क्युरी त्याला मिळालं, स्वतःच्या शब्दांवर."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तारण विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

आता तो आठवड्यातून तीन दिवस नोकरी करतो. लेक अजून माझ्यावर थोडी रागावलेली आहे. पहिल्या तबकडीचा खर्च मी दिला. कर्ज म्हणून नाही, आणि वहीत तो नावेही टाकलेला नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी कलावंत कारखान्यातल्या नोकरीचे कागद किंवा बँडवाल्यांच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. चूकभूल देणे घेणे.