पट्टा कुरकुरत नाही

पट्टा ही काय चीज आहे, हे आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला मोटारीने शिकवलं नाही, भातगिरणीने शिकवलं. इंजिनाचं चाक फिरायचं, लांबलचक पट्टा फटाक फटाक करीत गिरणीला फिरवायचा आणि कोंड्याच्या धुरळ्यात मालक सकाळी दहालाच म्हातारा दिसू लागायचा. पट्टा घसरला तर राळ फासा, तुटला तर टाके घाला. भात बिचारं थांबून राहायचं.

मोटारीतला टायमिंग बेल्ट इतका सोशिक नाही. खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वरचा कॅमशाफ्ट बरोब्बर एकदाच फिरायला हवा, कारण व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, ते तो ठरवतो. पट्ट्याचा एक दात सरकला तरी मंगलाष्टकं संपण्याआधीच वाजंत्री सुरू व्हावी तसा घोटाळा. पट्टा तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह वाटेतच उभा असतो. पुढचं दृश्य पाहायला पाकीट जाड लागतं.

पूर्वी हे काम साखळीकडे असे. कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, ती साखळीवरच चालली. साखळी म्हणजे एकत्र कुटुंबातली आत्याबाई. झिजली की महिनोन् महिने खडखडाट करून सगळ्या आळीला कळवणार. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला नि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे आणि डॉक्टरांच्या गांभीर्याने म्हणायचे, “साखळी बोलायला लागली.”

या आत्याबाईंना गप्प केलं जर्मनीतल्या डिंगोल्फिंग गावच्या ग्लास कंपनीने. मूळची ही मंडळी पेरणीयंत्रं बनवणारी, म्हणजे आपल्यातलीच! १९६२ मध्ये त्यांनी आपल्या १००४ या मोटारीत रबरी दातेरी पट्टा बसवला. कारखान्यातून रीतसर विक्रीला आलेली तशी ती पहिली मोटार. पट्टा हलका, स्वस्त, मुका. त्याला तेलही नको. १९६६ मध्ये ग्लास कंपनी बीएमडब्ल्यूने गिळली. पण त्याच वर्षी फियाटच्या लांप्रेदी यांनी आपल्या नव्या इंजिनाला पट्टाच घातला.

आपल्याकडे तो घरोघर नेला १४ डिसेंबर १९८३ ला आलेल्या मारुती ८०० ने. आणि इथेच मिस्त्रींच्या कानांचा धंदा बसला. ऐकणार काय? पट्टा तुटण्याच्या आदल्या दिवशीही बहुधा तितकाच शांत असतो. म्हणून कंपनीने सांगितलेले किलोमीटर किंवा वर्षं भरली, की चांगला दिसणारा पट्टासुद्धा काढायचा. ताण देणारी पुलीही त्याच वेळी पाहायची. मग दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवायच्या, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं.

हे आपल्याला पटता पटत नाही. “चालतंय ना? मग कशाला हात लावता?” हे आपलं राष्ट्रीय तत्त्वज्ञान. ते माळशेज घाटात, पावसात, मागच्या सीटवर मुलं झोपलेली असताना तपासून पाहू नये. पुढे साखळी परतलीही: २००८ च्या मारुती ए-स्टारचं इंजिन पुन्हा साखळीचं होतं. पण पट्ट्याच्या गाड्या अजून किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने धावतात आणि अजूनही तोंडातून ब्र काढत नाहीत.

आमच्या गाडीचा पट्टा बदलल्यावर मुरबाडच्या मिस्त्रींनी बॉनेटच्या आत रंगाने तारीख लिहिली. “साहेब, जो ओरडत नाही त्याची तारीख लिहून ठेवावी लागते.”

हे सुभाषित मी घरी मोठ्या कौतुकाने सांगितलं. सौभाग्यवती भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “मग आमची कुठं लिहिलीय?”