बाबासाहेबांचा कोट आणि आपले जयंतीचे नवे कपडे

१४ एप्रिल जवळ आली की आपल्या भागात एक वाक्य हमखास कानावर येतं. "जयंतीला एवढे कपडे कशाला? त्या पैशात पोरांना पुस्तकं घ्या." काही जण काळजीनं म्हणतात, काही खोचकपणे. मला वाटतं, उत्तर द्यायच्या आधी या कपड्यांचा इतिहास एकदा नीट बघायला हवा.

गेल्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये काळ्या लोकांच्या पोशाखाच्या इतिहासावर मोठं प्रदर्शन भरलं होतं. २०२५ च्या मे ते ऑक्टोबर. त्याचे फोटो मी फोनवरच पाहिले, पण विषय डोक्यात राहिला. अमेरिकेत साऊथ कॅरोलिनाच्या १७४० च्या कायद्यानं गुलामांनी कसलं जाडंभरडं कापड वापरायचं हे ठरवून दिलं होतं. त्याहून चांगलं अंगावर दिसलं तर ते काढून घेता यायचं. १७८६ मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरनं काळ्या वंशाच्या स्वतंत्र बायकांना डोक्याला फडकं बांधायची सक्ती केली. त्या बायकांनी रंगीत, भारी कापडाची अशी फडकी बांधली की शिक्षेचीच शोभा झाली.

हे वाचून न्यूयॉर्कला जायची सोय नाही, पण पुण्याला आहे. वडगाव निंबाळकरवरून एसटी धरली, नीरा, जेजुरी, सासवड, दिवेघाट उतरून स्वारगेट, आणि तिथून सेनापती बापट रोड. सिंबायोसिसचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय तिथं आहे. माईसाहेब आंबेडकरांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू या संस्थेकडं सोपवल्या आणि १९९६ मध्ये संग्रहालय उघडलं. आत भारतरत्न आहे, व्हायोलिन आहे, भांडीकुंडी आहेत आणि त्यांचे कपडे आहेत. लोक व्हायोलिनपाशी जास्त थांबतात. मी कपड्यांपाशी थांबलो.

कारण बाबासाहेबांच्या लहानपणचा एक प्रसंग मला आठवत होता. त्यांनी तो स्वतः लिहून ठेवलाय. साल १९०१. वडील गोरेगावला नोकरीला, आणि पोरं साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली. आपल्या नीरेवरून पुढं मिरजेकडं जाते ना, त्याच लाइनवर मसूर स्टेशन आहे. तिथं पोरं उतरली. अंगात नवे शर्ट, जरीच्या टोप्या, पायात नवे बूट, रेशमी काठाची धोतरं. स्टेशनमास्तरला वाटलं, ही ब्राह्मणाची पोरं. प्रेमानं चौकशी केली. जात सांगितली आणि मास्तर मागं सरकला. मग बैलगाडी मिळेना, वाटेत पाणी मिळेना.

म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या भिवाला त्या दिवशी दोन्ही गोष्टी कळल्या असतील. चांगले कपडे असले की माणूस म्हणून बघतात, आणि नुसत्या कपड्यानं भागत नाही.

पुढं 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' या १९३६ च्या पुस्तकात त्यांनी इंदूरकडचं उदाहरण दिलंय. १९२८ च्या सुमाराची गोष्ट. पंधराएक गावांतल्या सवर्णांनी बलाई समाजाला हुकूम काढला: जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाईंनी नाही म्हटलं, तर त्यांना विहिरीवर पाणी भरू देईनात, गुरं चारू देईनात. अमेरिकेत कायदा होता, इथं गावकी होती. कापड मात्र दोन्हीकडं मोजून दिलेलं.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना वेगळं बसवून लुगड्याबद्दल सांगितलं. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं अंगभर नेसा, गळ्याहातातले ते जड दागिने टाका, कारण त्यावरूनच तुमची जात लांबून ओळखू येते. लुगडं फाटकं असलं, ठिगळाचं असलं तरी चालेल, स्वच्छ पाहिजे. यात भारीपणाचा आग्रह कुठं आहे सांगा. आग्रह आहे तो खूण पुसायचा.

काही जण लगेच गांधीजींचं नाव काढतात. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईला साधा पंचा स्वीकारला, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण ज्याच्याकडं होतं त्यानं सोडलं. ज्याला घालूच दिलं नव्हतं त्यानं काय सोडायचं? आणि बाबासाहेब काही सुटाला चिकटून बसलेले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेताना ते पांढऱ्या धोतरात आणि पांढऱ्या कोटात होते. समोरचे लाखो लोकही पांढऱ्या कपड्यांत. कधी काय घालायचं हे स्वतः ठरवायचं, मुद्दा तेवढाच होता.

कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. २०१५ मध्ये ॲट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात दलित-आदिवासींना सार्वजनिक ठिकाणी चप्पल-बूट किंवा नवे कपडे घालण्यापासून रोखणं हा गुन्हा म्हणून लिहावा लागला. स्वातंत्र्याला ६८ वर्षं झाल्यावर संसदेला 'नवे कपडे' हे शब्द कायद्यात घालावे लागले! आणि मे २०२३ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली.

पुस्तकं घ्यायचीच. कर्ज काढून कपडे घेऊ नयेत, हेही खरं. पण वर्षभर उसाच्या फडात राबणारी बाई जयंतीला कोरी साडी नेसून पुतळ्यापुढं उभी राहते, तिला उधळी म्हणू नका.

यंदा पोरांना एकदा सेनापती बापट रोडला नेऊन आणा. सकाळच्या एसटीनं गेलं तर संध्याकाळी घरी परत येता येतं. आणि घरात सत्तरीच्या पुढची कुणी आजी असेल, तर तिला विचारा: तू पहिल्यांदा मनासारखं लुगडं कधी नेसलीस, आणि तेव्हा गावात कोण काय बोललं? ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. ते कुठल्या संग्रहालयात सापडणार नाही.

जय भीम.