रसाळगड ते महिपतगड : सह्याद्रीतील एका दुर्गम डोंगरधारेची वाट

रत्नागिरी जिल्हा म्हटला की समुद्र, हापूस आंबा आणि नारळी-पोफळीच्या बागा डोळ्यांसमोर येतात. या जिल्ह्याची पूर्व सीमा मात्र सह्याद्रीच्या उंच कड्यांनी आखलेली आहे, याचा शहरी पर्यटकाला सहसा विसर पडतो. खेड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून किंचित अलग होऊन, तिला जवळजवळ समांतर अशी एक डोंगरधार उभी आहे. तिच्या दक्षिण टोकाला रसाळगड, मध्यावर सुमारगड आणि उत्तरेला महिपतगड असे तीन किल्ले आहेत. मुख्य रांग आणि ही धार यांच्यामध्ये जगबुडी नदीचे खोरे पसरले आहे. हीच जगबुडी खेड शहराजवळून वाहत जाऊन पुढे वाशिष्ठीला मिळते.

तिन्ही किल्ले एकाच दमात पाहण्याची मोहीम महाराष्ट्रातील गिर्यारोहकांत खडतर मानली जाते. येथील चढ फार मोठा नाही आणि कातळकड्यांचे टप्पेही मोजकेच आहेत. कस लागतो तो निबिड अरण्यातील दिशाभूल करणाऱ्या वाटांचा, पाण्याच्या टंचाईचा आणि वाटेत माणूस न भेटण्याचा.

खुणा नसलेली वाट

अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीची डोंगरवाट जगप्रसिद्ध आहे. तिच्या मेन राज्यातील शेवटच्या टप्प्यात साधारण १६० किलोमीटरचे सलग रान लागते. त्याच्या तोंडाशी दहा दिवसांचा शिधा सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा इशारा देणारी पाटी आहे. तरीही संपूर्ण वाटेवर झाडांवर आणि दगडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढलेले असल्याने चालणाऱ्याला दिशा मिळत राहते.

सह्याद्रीत अशी अखंड आखलेली वाट नाही. येथील वाटा व्यापारासाठी, देवदर्शनासाठी, गुरे चारण्यासाठी किंवा गडावर शिबंदी पोहोचवण्यासाठी पडल्या. ज्याच्या पायाखालची वाट, त्यालाच ती ठाऊक. महिपतगड-सुमारगड-रसाळगडाच्या धारेवर तर हे विशेष जाणवते. अंतराने पाहिले तर हा टप्पा दोन-तीन दिवसांचा आहे. पण चुकलेली एक ढोरवाट अर्धा दिवस खाऊ शकते आणि मग हाताशी असलेले पाणी अपुरे पडते.

जावळीचे पहारेकरी

या किल्ल्यांचे स्थान पाहिले की त्यांचे प्रयोजन उलगडते. पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर जावळीचे खोरे, पश्चिमेला दाभोळच्या खाडीकडे उतरत जाणारा सखल प्रदेश आणि दोहोंना जोडणाऱ्या घाटवाटा. हातलोट घाटासारख्या वाटांवरून कोकण आणि देश यांच्यातील ये-जा चाले. या वाटांवर नजर ठेवण्यासाठी ही धार सोयीची होती.

जावळीचा मुलूख मोरे घराण्याकडे होता. त्यांचा ‘चंद्रराव’ हा किताब होता. शिवाजी महाराजांनी १६५६ साली जावळी जिंकली आणि या परिसरातील किल्ले स्वराज्याच्या कक्षेत आले. पुढे १८१८ साली मराठी सत्ता संपुष्टात आल्यावर इंग्रजांच्या दृष्टीने या डोंगरी किल्ल्यांचे लष्करी महत्त्व उरले नाही. गडावरची शिबंदी उठली आणि शिबंदीसाठी राबता राहिलेल्या वाटा रानाने हळूहळू परत घेतल्या.

रसाळगड : भटकंतीचा उंबरठा

तिघांमध्ये रसाळगड सर्वांत सोपा आणि सर्वांत नांदता. पायथ्याच्या वस्तीपर्यंत गाडीरस्ता पोहोचल्याने गडाचा चढ थोडाच उरतो. एकापाठोपाठ एक असे दोन दरवाजे ओलांडून माथ्यावर जाता येते. माथ्यावर झोलाई देवीचे प्रशस्त मंदिर, दीपमाळ, तलाव, बालेकिल्ल्याचे अवशेष आणि धान्यकोठाराची इमारत आहे. गडावर ठिकठिकाणी पडलेल्या तोफांची संख्या डझनाहून अधिक भरते. एवढ्या लहान माथ्यावर इतक्या तोफा क्वचितच आढळतात.

मोहिमेचा पहिला मुक्काम बहुधा झोलाईच्या मंदिरात होतो. मंदिर हे गावकऱ्यांचे श्रद्धास्थान आहे, याचे भान मुक्काम करणाऱ्यांनी ठेवायला हवे. सायंकाळी तटावरून पूर्वेकडे पाहिल्यास चकदेव आणि पर्वत ही मुख्य रांगेवरील शिखरे दिसतात. त्यांच्या पलीकडे कोयनेचा शिवसागर जलाशय आहे. उत्तरेला झाडीतून वर आलेला सुमारगडाचा कातळमाथा दिसतो. तो नजरेला जवळ वाटतो. प्रत्यक्षात तेथे पोहोचण्यास पाच ते सहा तास लागतात.

सुमारगड : नाव सुमार, वाट बिकट

रसाळगड उतरून धारेला लागले की गाडीरस्ता मागे पडतो. वाट कधी धारेवरून, कधी उतारावरून आडवी जाते. मधल्या धनगरवाड्यापर्यंत ती बऱ्यापैकी मळलेली असते, कारण तेथील माणसांची रोजची ये-जा तिच्यावरून चालते. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. दाट झाडीत गुरांच्या पायवाटा एकमेकींना छेदत राहतात. त्या सगळ्या सारख्याच रुंद, सारख्याच तुडवलेल्या. फरक इतकाच, की गुरांची वाट चाऱ्याकडे किंवा पाणवठ्याकडे जाते, गडाकडे नव्हे.

जिथे झाडी विरळ होते तिथे कारवी उभी असते. सात वर्षांतून एकदा फुलणाऱ्या या झुडपाचे सोट पुरुषभर उंचीचे आणि इतके दाट वाढतात की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. या रानात समूह विखुरण्याचे प्रसंग येतात ते बहुतेक अशा कारवीतच. म्हणून सर्वांत पुढे वाट जाणणारा, सर्वांत मागे अनुभवी आणि मधे नवखे, हा जुना नियम येथे काटेकोरपणे पाळावा लागतो.

सुमारगडाचा माथा आटोपशीर आहे. वर जाण्यासाठी अखेरचा कातळटप्पा पार करावा लागतो. खाली खोल दरी असल्याने येथे दोर सोबत असणे शहाणपणाचे ठरते. गडावर बांधकामाचे अवशेष थोडे आहेत. मात्र कातळात खोदलेली, आत खांब सोडून छत पेललेली पाण्याची टाकी आणि गुहेतील शिवपिंडी पाहिल्यावर श्रमाचे सार्थक होते. या टाक्यांमागचे गणित पाहण्यासारखे आहे. टाके कातळाच्या पोटात खोदल्याने त्यावर थेट ऊन पडत नाही, पाण्याची वाफ कमी होते आणि पाणी उन्हाळ्यापर्यंत थंड राहते.

महिपतगड : अरण्यात हरवलेले पठार

सुमारगडाहून महिपतगडाचा टप्पाही साधारण तितक्याच तासांचा आहे, पण अधिक निर्जन आहे. वाट खिंडीत उतरते, पुन्हा चढते, ओढे ओलांडते. महिपतगडाची उंची तीन हजार फुटांच्या आसपास असून माथ्याचा विस्तार सुमारे १२० एकर भरतो. जिल्ह्यातील प्रमुख गिरिदुर्गांत त्याची गणना होते.

गडाला सहा दरवाजे होते आणि त्यांची नावे आजही सांगितली जातात : लाल देवडी, पुसाटी, यशवंत, खेड, शिवगंगा आणि कोतवाल. प्रत्यक्षात बहुतेक दरवाजांच्या जागी आज ढासळलेली चिरेबंदी आणि झाडी आहे. पठारावर पारेश्वराचे मंदिर असून मुक्कामाची जागा तीच. जवळच्या वस्तीचे नाव बेलदारवाडी. बेलदार म्हणजे दगड फोडून घडवणारा. गड बांधणाऱ्या हातांची ओळख अशी एका वाडीच्या नावात टिकून राहिली आहे.

माथा इतका विस्तीर्ण आणि झाडीने भरलेला आहे की गडावर पोहोचल्यानंतर वाट चुकण्याची शक्यता संपत नाही. धुके असताना पठाराच्या कडेला जाणे धोक्याचे असते. पूर्वेला मुख्य रांगेवर मधुमकरंदगडाची जोडशिखरे दिसतात. भरपूर वेळ आणि शिधा असणारे भटके येथून हातलोटमार्गे मधुमकरंदगड आणि पुढे जावळीच्या खोऱ्यात उतरून प्रतापगड गाठतात. एरवी तिसऱ्या दिवशी बेलदारवाडी अथवा दहिवलीच्या बाजूने उतरून खेडला परतण्याचा रिवाज आहे.

पाण्याचा प्रश्न

या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तरीही फेब्रुवारीनंतर धारेवर पाणी मिळणे कठीण होते. कारण खडकात आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून घडलेला हा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. तीव्र उतारावरून ते वाहून जाते आणि पावसाळा सरला की ओढे एकेक करून आटतात. उरतात ती खोदलेली टाकी, विहिरी आणि धनगरवाड्यांचे झरे.

म्हणूनच प्रत्येकाने किमान तीन ते चार लिटर पाणी पाठीवर वाहणे आणि प्रत्येक पाणवठ्यावर बाटल्या पूर्ण भरून घेणे आवश्यक ठरते. कोकणातील दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि श्रमाच्या मानाने थकवा लवकर येतो. पाण्याबरोबर मीठ-साखरही पोटात जायला हवी. टाक्यातील पाणी गाळून आणि निर्जंतुक करून पिणे इष्ट. वाड्यांजवळच्या झऱ्यांवर वाडीचा हक्क पहिला. उन्हाळ्यात तेथे अंघोळ करणे किंवा भांडी विसळणे हा निव्वळ अविचार होय.

धोके : खरे आणि मानलेले

शहरी भटक्याला भीती वाटते ती बिबट्याची. या रानात बिबट्या, गवा, भेकर, रानडुक्कर यांचा वावर असतो आणि उंच झाडांवर शेकरूही दिसते. परंतु मोठी जनावरे सहसा माणसाची चाहूल लागताच दूर होतात. गव्याच्या वाटेत उभे न राहणे एवढे पथ्य पुरेसे असते.

अधिक सावध राहावे ते लहान जिवांपासून. रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी पूर्वापार कुप्रसिद्ध आहे. पालापाचोळ्यात आणि दगडांत हा लहानसा विषारी साप सहज मिसळून जातो. घोट्यापर्यंतचे बूट, लांब विजार आणि अंधारात हातात विजेरी या साध्या गोष्टी बहुतेक दंश टाळतात. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे हे प्रकार टाळावेत. रुग्णाला न चालवता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णालयाकडे न्यावे. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. खेड तालुक्यात कळंबणी येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. गडाच्या माथ्यावरून तेथे पोहोचण्यास कित्येक तास लागतात, हे निघण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

दुसरा धोका आग्या मोहोळाचा. कड्याच्या कपारीत लटकणारी ही पोळी धुराने, उग्र वासाच्या अत्तरांनी आणि आरडाओरड्याने चवताळतात. तिसरा धोका उशिराचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच अंधारते. दुपारी तीनपर्यंत सुमारगड मागे पडला नसेल, तर महिपतगडाचा आग्रह सोडून जवळच्या वाडीवर उतरणे हाच योग्य निर्णय.

पावसाळ्यात ही धार टाळावीच. २२ जुलै २०२१ रोजी झालेल्या अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून १७ जणांचा बळी गेला. ओढ्यांना येणारा लोंढा, शेवाळलेला कातळ आणि सुटणारी माती यांपुढे अनुभवाचे काही चालत नाही.

वाट जपणारी माणसे

भ्रमणध्वनीवर नकाशा उतरवून घेण्याची सोय झाल्यापासून वाटाड्या घेण्याची प्रथा मागे पडू लागली आहे. नकाशाचा उपयोग आहेच. परंतु दोन वर्षांपूर्वी कोणी चाललेली रेषा आज कारवीने गिळलेली असू शकते, आणि दरीत किंवा दाट झाडीत उपग्रहाचा संकेत काही मीटर इकडेतिकडे झाला तर कड्याची बाजू बदलते. कोणता झरा आटला, कोणत्या झाडावर मोहोळ आहे, कोणत्या बाजूला गवे उतरले आहेत, हे फक्त तेथे राहणारा माणूस सांगू शकतो.

आणि हाच माणूस कमी होतो आहे. खेड तालुका हा चाकरमान्यांचा मुलूख. वाड्यांतील तरुण मुंबई-पुण्याकडे जातात, गुरे कमी होतात आणि गुरांमागे फिरणारी पावलेही. धनगरवाडा उठला की त्याच्याकडे जाणारी वाट दोन-तीन पावसाळ्यांत बुजते. झाडांवर रंगाचे पट्टे ओढावेत असे काही जण सुचवतात, तर त्यामुळे गर्दी आणि कचरा वाढेल असे इतरांना वाटते. या वादात एक गोष्ट विसरली जाते. वाटाड्याला दिलेली दिवसाची मजुरी आणि वाडीवर घेतलेले पिठले-भाकरीचे जेवण यांतून त्या घराला तेथे राहण्याचे एक लहानसे कारण मिळते, आणि त्याच्या रोजच्या पावलांनी वाट उघडी राहते. अपघात घडलाच तर शोधपथक येण्याआधी हाकेला धावून येणाराही तोच असतो.

कसे जाल, केव्हा जाल?

कोकण रेल्वेच्या खेड स्थानकावर किंवा मुंबई-गोवा महामार्गाने खेड शहरात उतरावे. तेथून रसाळगडाच्या पायथ्यापर्यंत खासगी वाहनाने जाता येते. तिसऱ्या दिवशीच्या परतीसाठी वाहनाची व्यवस्था आधीच करून ठेवावी. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ सर्वांत अनुकूल : पाणी असते, हवा आल्हाददायक असते आणि वणव्यांचा हंगाम सुरू झालेला नसतो. समूह सहा ते दहा जणांचा असावा. तीन दिवसांचा शिधा, एका जादा दिवसाची तरतूद, दोर, प्रथमोपचार पेटी, शिट्टी आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र विजेरी हवी. निघण्यापूर्वी सहभागींची नावे, मार्ग आणि परतण्याची वेळ घरी तसेच पायथ्याच्या गावात सांगून ठेवावी. नवख्यांनी प्रथम एकटा रसाळगड करावा, झोलाईच्या देवळात एक रात्र काढावी आणि उत्तरेकडचे ते रान नीट पाहून घ्यावे. पुढची वाट पुढच्या हिवाळ्यात चालता येते.