पट्टे उमटवणारी लोकर

एकाच अखंड धाग्यावर ठरावीक अंतराने रंग बदलत नेलेली लोकर. विणताना दुसरा गुंडा जोडावा लागत नाही. रंग संपेल तसा पुढचा पट्टा आपोआप सुरू होतो. विणणाऱ्यांत ती सेल्फ-स्ट्रायपिंग यार्न म्हणून ओळखली जाते. तिचा मुख्य उपयोग पायमोज्यांसाठी होतो. हातमोजेही तिचे विणतात, पण त्यांचा हिशेब वेगळा पडतो.

पट्ट्यांच्या मोज्यांची हौस फार जुनी आहे. ईजिप्तमधील अँटिनोपोलिस येथे सापडलेला लहान मुलाच्या डाव्या पायाचा लोकरी मोजा लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. तो इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातला मानतात. त्याच्या पट्ट्यांतील सात छटा मॅडर, वोड आणि वेल्ड या तीनच वनस्पतींच्या रंगांतून साधल्या आहेत, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. हा मोजा एका सुईने फासे घालून केलेला आहे आणि त्यात प्रत्येक रंगाचा धागा निराळा आहे. एका धाग्यात सगळे पट्टे सामावणारी तयार लोकर जर्मन गिरण्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय केली. रेगिया आणि ओपल ही त्यांतली परिचित नावे. घरी किंवा छोट्या कार्यशाळेत हाताने रंगवलेली लोकर हे त्याच कल्पनेचे पुढचे आणि अधिक मोकळे रूप आहे.

पट्टा उमटतो तो लांबीच्या हिशेबाने. मोज्याच्या बारीक लोकरीत एका टाक्याला साधारण 1 सेंमी. धागा लागतो. म्हणजे 64 टाक्यांच्या मोज्याचा एक फेर सुमारे 65 सेंमी. धागा घेतो आणि 10 फेरांच्या पट्ट्याला साडेसहा मीटर धागा एका रंगाचा असावा लागतो. रंग चार असतील, तर एक आवर्तन 26 मीटरांचे होते. नेहमीची लडी दीड-पावणेदोन मीटर घेराची असते. तिच्यावर चार रंग चढवले, तर प्रत्येक रंग जेमतेम 40 सेंमी. टिकतो, एक फेरही पुरा होत नाही आणि पट्ट्यांऐवजी चट्टे उमटतात. म्हणून रंगारी आधी 26 मीटर घेराची लांबलचक लडी घालतो, ताणा काढण्याच्या खुंट्यांवर किंवा सरळ खोलीभर मांडलेल्या खुर्च्यांभोवती. कापड विणण्यापूर्वीच धाग्यावर नक्षीचा हिशेब मांडायचा, हे तत्त्व पाटणच्या पटोल्यात आणि पोचमपल्लीच्या इकतमध्येही आहे. तिथे धागा बांधून रंग अडवतात, इथे लडीचे भाग सुटे करून वेगवेगळ्या भांड्यांत बुडवतात.

मोज्यांच्या लोकरीत बहुधा 75 टक्के मेरिनो आणि 25 टक्के नायलॉन असते. टाच आणि चवडा झिजू नये म्हणून नायलॉन. दोन्ही तंतूंवर आम्लरंग पक्के बसतात. भिजवलेल्या लडीला व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल घातलेल्या रंगाच्या पाण्यात उकळीच्या किंचित खाली ठेवतात. रंग लोकरीत शोषला गेला की पाणी नितळ होते. त्यानंतर लडी त्याच पाण्यात सावकाश निवू द्यावी. गरम लोकर एकदम गार पाण्यात घालून चोळली, तर साधी लोकर आटते आणि तिचा नमदा होतो. रंगाची भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत.

मोजा ही जवळपास एकाच घेराची नळी असल्यामुळे पट्टे पोटरीपासून चवड्यापर्यंत सारखे येतात. अडचण टाचेशी. टाचेची पट्टी निम्म्याच टाक्यांवर मागेपुढे विणतात. त्यामुळे तेवढ्याच धाग्यात 10 ऐवजी 20 ओळी होतात आणि पावलावरच्या पट्ट्यांचा क्रम तुटतो. यावर उत्तम उपाय मागाहून विणायच्या टाचेचा. टाचेच्या जागी निम्मे टाके उसन्या धाग्याने विणून नळी तशीच पुढे न्यायची, शेवटी तो धागा काढून मोकळे झालेले टाके सुयांवर घ्यायचे आणि चवड्यासारखी टाच मिटवायची. मग टाचेवर एकात एक रंगीत वर्तुळे उमटतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम-लेखिका एलिझाबेथ झिमरमन (1910–1999) यांनी नंतर टाका कापून अशी जागा मोकळी करण्याची युक्ती विणणाऱ्यांपर्यंत पोहोचवली. पायाचा वरचा भाग उंच असेल, तर मात्र ही टाच तोकडी पडते.

जोडीतले दोन्ही मोजे सारखे हवे असतील, तर एकाच रंगाच्या आरंभापासून आणि गुंड्याच्या एकाच दिशेने सुरुवात करावी लागते. 100 ग्रॅमची लडी सुमारे 400 मीटरांची असते. एका मोज्याला तिच्यातली निम्म्याहून थोडी कमी लागली, तर 26 मीटरांची आवर्तने पूर्णांकात सुटत नाहीत, म्हणून दुसऱ्या मोज्यापूर्वी थोडा धागा सोडून द्यावा लागतो.

हातमोज्यात तळहातापर्यंत हाच हिशेब चालतो. बोटाच्या नळीला मात्र 20 टाके असतात आणि एक फेर 20 सेंमी. धाग्यात होतो. पायमोज्यात सव्वादोन सेंमी. उंचीचा पट्टा देणारा साडेसहा मीटर धागा इथे 32 फेर पुरतो, म्हणजे अख्खे बोट एकाच रंगाचे होते. अंगठ्याचा अपवाद सोडून बोटे एकत्र असलेल्या किंवा बोटे उघडी ठेवणाऱ्या हातमोज्यांना हा प्रश्न फारसा येत नाही. बोटांसाठी काही जण रंगांचे तुकडे कापून जोडतात, पण मग आतली टोके लपवण्यात विणण्याइतकाच वेळ जातो. त्यापेक्षा बोटे एकरंगी विणणे बरे.

हाताने रंगवणाऱ्याला याहून चांगला मार्ग आहे, आणि गिरणीच्या लोकरीत तो सहसा मिळत नाही. त्याच रंगांच्या त्याच द्रावणात बोटांसाठी आणखी एक छोटी लडी रंगवावी: 8 मीटर घेराची, प्रत्येक रंग 2 मीटर. दोन्ही हातांच्या बोटांना मिळून सुमारे 60 मीटर, म्हणजे 15 ग्रॅम लोकर पुरते, आणि बोटांवरही 10 फेरांचाच पट्टा उमटतो.