पंगत उठली, रांग लागली

लग्नाची तिथी पक्की झाली की मुलीचे वडील आचाऱ्याला बोलावणे धाडत. आचारी यायचा, ओसरीवर टेकायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, ‘पाने किती?’ आज वधूपिता केटररच्या कार्यालयात जातो. तिथे पहिला प्रश्न असतो, ‘माणसे किती आणि काउंटर किती?’ प्रश्न दोन्ही हिशेबाचेच आहेत. पण पानांकडून काउंटरकडे जाताना आपल्या समाजाने बरीच मोठी मजल मारली आहे. बुफे ही साहेबाची नक्कल, श्रीमंतांचे खूळ, असे म्हणून आपण मोकळे होतो. ते अर्धेच खरे आहे. जेवणाची ही पद्धत आपल्याकडे का आली, तिने काय मोडले आणि काय गमावले, हे पाहिले तर स्वागत समारंभाच्या जेवणाचा बेत आखतानाही त्याचा उपयोग होईल.

आधी पंगत म्हणजे काय होते ते आठवू. पाट मांडलेले, पुढे केळीचे पान किंवा पत्रावळ, भोवती रांगोळी. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाज्या. मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. मग मसालेभात, पुरी, जिलबी किंवा श्रीखंड, मठ्ठा आणि शेवटी ताकभात. पदार्थ एकामागून एक यायचे, आणि कोणता कधी हे वाढपी ठरवायचा, जेवणारा नव्हे. सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची आणि सगळ्यांचे आटोपेपर्यंत कुणी उठायचे नाही, हा दंडक. यजमान धोतराचा सोगा सावरत ओळीतून फिरायचा आणि प्रत्येकाला आग्रह करायचा. तो आग्रह ही यजमानाची जबाबदारी होती. पाहुणा उपाशी उठला तर कमीपणा त्याला.

या व्यवस्थेमागे केवढे नियोजन असे! १७८३ साली पुण्यात सवाई माधवरावांचे लग्न नाना फडणीसांच्या देखरेखीखाली झाले. त्या वेळी कोणते काम कुणाकडे हे लेखी वाटून दिलेले होते, आणि त्या बंदोबस्ताचा दाखला पेशवाईवर लिहिणारे आजही देतात. एवढ्या मोठ्या कार्यात माणसे मोजणे, मान राखणे आणि कुणाचा रुसवा होऊ न देणे हे एका लढाईच्या तयारीइतकेच जिकिरीचे होते.

पण पंगतीची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. आपल्या भाषेत ‘पंक्तिप्रपंच’ असा एक शब्द आहे. एकाच ओळीत बसलेल्यांपैकी एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसता थेंब, हा पंक्तिप्रपंच. वाढणारा ओळखीचा असला तर पंगतीच्या टोकाला बसले तरी चालते, असे आपण गमतीने म्हणतो. त्या गमतीच्या पोटात हेच आहे. आणि हा झाला पंगतीत बसलेल्यांमधला भेद. पंगतीत बसायलाच कोण लायक, हा त्याहून मोठा प्रश्न होता. कुणाच्या मांडीला मांडी लावून कोण जेवतो यावर जात टिकत होती. एखाद्याला वाळीत टाकले म्हणजे पहिल्यांदा त्याचे पंगतीतले पान उठे. गावच्या लग्नात जेवणाऱ्यांच्या ओळी जातीजातींनुसार वेगळ्या बसत आणि काहींच्या वाट्याला मांडवाबाहेरचे, सगळ्यांचे उरकल्यानंतरचे उरलेले अन्न येई.

म्हणूनच महाराष्ट्रातल्या समाजसुधारणेचा इतिहास वाचताना जेवणाचे प्रसंग पुन:पुन्हा भेटतात. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. तिच्या सभासदाला दीक्षा घेताना परजातीच्या, परधर्माच्या माणसाच्या हातचा पाव खावा लागे, आणि तोही गुपचूप. पुढे सभासदांची नावे फुटण्याची वेळ आली आणि सभा मोडली. एका पावाच्या तुकड्याची एवढी धास्ती होती! १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटजीवाचून, थोड्या खर्चात लग्ने लावायला सुरुवात केली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे दिली गेली. रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी तिथे होती. त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य उभे राहिले. कपाला नुसता हात लावला की घोटही घेतला, यावर वाद झाले, प्रायश्चित्ते झाली. पुढच्या शतकात डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये निघालेल्या समाज समता संघाने सहभोजने घडवली. रत्नागिरीत सावरकरांनी, मुंबईत अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या निमित्ताने तोच प्रयत्न केला. या सगळ्यांनी हात घातला तो पंगतीलाच.

आता बुफेकडे वळू. शब्द फ्रेंच. मूळ अर्थ भिंतीलगतचे, भांडीकुंडी ठेवायचे कपाटवजा टेबल. त्यावर खाण्याचे पदार्थ मांडून ठेवायचे आणि पाहुण्यांनी आपल्या हाताने घ्यायचे, ही रीत युरोपात नाचाच्या मेजवान्यांत रुळली. स्वीडनमधली अशीच एक पद्धत, स्मोरगासबोर्ड, १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकनांना फार आवडली. आपल्याकडे ही पद्धत साहेबांचे क्लब, लष्करी मेस आणि बड्या हॉटेलांतून आली, यात शंका नाही. पण क्लबातली गोष्ट मध्यमवर्गीयांच्या लग्नात शिरायला नुसती हौस पुरत नाही. त्यासाठी काही कारणे लागतात. ती तीन होती.

पहिले कारण, टंचाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मे १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. स्वातंत्र्यानंतरही धान्याची ओढाताण संपली नाही. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळी एक वेळ न जेवण्याचे आवाहन केले आणि घरोघरी ते पाळले गेले. साठ-सत्तरच्या दशकांत अनेक राज्यांनी समारंभात किती पाहुण्यांना जेवू घालावे यावर कायद्याने मर्यादा घातल्या. १९७२ चा दुष्काळ तर महाराष्ट्राने सोसलाच. अशा दिवसांत दुपारी घरच्या माणसांची छोटी पंगत आणि संध्याकाळी बाकीच्यांसाठी आइस्क्रीमची बशी, वेफर्स, थंड पेयाची बाटली, असा तोडगा निघाला. जुन्या पानसुपारीच्या जागी ‘स्वागत समारंभ’ आला. पाहुणा आला, वधूवरांना भेटला, उभ्याउभ्या बशी संपवली आणि लोकल पकडून घरी गेला. उभ्याने खाण्याची लाज आपल्याला आधी आइस्क्रीमने घालवली. पुलाव आणि पुरी मागाहून आली.

दुसरे कारण, माणसे बदलली. पंगत होती भाऊबंदांची, सोयऱ्याधायऱ्यांची, जातगोतातल्यांची. शहरात नोकरी करणाऱ्याला कचेरीतले सहकारी, चाळीतले, पुढे सोसायटीतले शेजारी, लोकलच्या डब्यातले सोबती, मुलांचे मित्र यांना बोलवायचे होते. यात सर्व जातींची, सर्व धर्मांची माणसे. त्यांना कुणाशेजारी बसवायचे, हा प्रश्न पंगतीत उभा राहिला असता. बुफेत तो उभाच राहत नाही, कारण कुणाला कुठेच बसवायचे नसते. रांगेत तुमच्या पुढे कोण आणि मागे कोण, हे केवळ कोण आधी आले यावर ठरते. सहभोजनाला सभा भरवावी लागे, भाषणे करावी लागत, दगडही झेलावे लागत. बुफेने यातले काही केले नाही. त्याने फक्त पाट काढून टेबल मांडले. आणखी एक बदल याच ओघात झाला, त्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. पंगतीत बहुतेक ठिकाणी आधी पुरुष, मग पाहुण्या बायका, आणि सर्वांत शेवटी घरच्या लेकीसुना जेवत. तोवर भात गार आणि जिलबी संपलेली असे. बुफेत बायको नवऱ्याबरोबर त्याच वेळी ताट घेते.

तिसरे कारण, जागा आणि वेळ. वाड्याचा चौक गेला, अंगणातला मांडव गेला, कार्यालयाचे भाडे तासांवर आले. हिशेब करून पाहा. एका पानाला दोन फूट जागा धरली तर शंभर पानांना दोनशे फुटांच्या ओळी लागतात, शिवाय मधून वाढप्यांना चालायला वाट. पंगत वाढायची, जेवायची, उठायची, उष्टी काढून जमीन पुसायची, पुन्हा पाने मांडायची; यात तास सहज जातो. म्हणजे तीनशे माणसांना तीन पंगती आणि तीन तास. गावजेवणाला मैदान असते, तिथे हे चालते. शहरातल्या हॉलमध्ये चालत नाही.

मात्र बुफे मांडला की वेळ आपोआप वाचतो, हा भ्रम आहे. एका माणसाला ताट भरून घ्यायला अर्धा मिनिट लागतो असे धरू. तीनशे माणसे एकाच रांगेत उभी केली तर शेवटच्याचा नंबर अडीच तासांनी लागेल. पंगतीपेक्षा फार लवकर नव्हे. तेच दोन टेबले मांडली आणि दोन्ही बाजूंनी घ्यायची सोय ठेवली तर रांगा चार होतात आणि सगळे चाळीस मिनिटांच्या आत आटोपते. म्हणून केटररला पदार्थ किती हे विचारण्याआधी रांगा किती हे विचारावे. पदार्थ जितके जास्त, तितका माणूस टेबलाशी जास्त रेंगाळतो. पाणी आणि गोड पदार्थ वेगळ्या टेबलावर ठेवले तर मुख्य रांग मोकळी राहते. हे साधे हिशेब आहेत, पण पंगतीच्या काळात ते अनुभवी आचारी करायचा, आता आपल्यालाच करावे लागतात.

बुफेत गमावले काय? पहिली गोष्ट, आग्रह. पंगतीत वाढपी पुन्हा येणार हे ठाऊक असते, म्हणून पाहुणा आधी थोडेच घेतो. बुफेत पुन्हा रांगेत उभे राहायचे नको म्हणून तो एकदाच ताट रचून घेतो आणि मग टाकतो. पंगतीतही अन्न वाया जाई, ते आग्रहापोटी. इथे जाते ते धास्तीपोटी. दुसरी गोष्ट, म्हाताऱ्यांची सोय. पंगतीत सर्वांत वयस्कराला सर्वांत आधी बसवत. बुफेत तोच एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ताट घेऊन खुर्ची शोधत फिरतो. पद्धत बदलली तरी ही दोन्ही उणी भरून काढता येतात. टेबलामागे वाढायला माणसे ठेवावीत, ती अन्न राखायला नव्हेत, तर ‘आणखी देऊ?’ विचारायला. आणि साठीपुढच्यांसाठी एका बाजूला खुर्च्या-टेबले मांडून घरच्याच पोरांनी त्यांना वाढावे.

आणि बुफे आला म्हणून पंक्तिभेद संपला, असे मात्र कुणी समजू नये. २०१९ मध्ये उत्तराखंडमधल्या टिहरी जिल्ह्यात एका लग्नात सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवल्याच्या कारणावरून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार झाली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. पाट गेला, पान गेले, खुर्ची आली; पण कुणी कुणासमोर जेवायचे हा प्रश्न तिथेच होता. आपल्याकडे त्याचे रूप निराळे आहे. हल्लीच्या मोठ्या स्वागत समारंभांत ‘खास’ पाहुण्यांसाठी पडद्यापलीकडे वेगळे टेबल असते, वेगळे पदार्थ असतात. पंक्तिप्रपंच म्हणतात तो हाच, फक्त तुपाच्या जागी दुसरे काही आले आहे. बँडवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, फोटो काढणारा, सफाई करणाऱ्या बायका यांनी कधी आणि कुठे जेवायचे, हे बहुतेक घरांत कुणी ठरवतच नाही. मग ते उरल्यावर जेवतात, किंवा जेवतच नाहीत.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती. त्या पन्नासांत कुणाला घ्यायचे, यावर घराघरांत खल झाला. जेवायला कुणाला बोलावतो यावरून आपण कुणाला आपले मानतो हे कळते, ही जुनी गोष्ट तेव्हा पुन्हा नव्याने उमगली. तेव्हा स्वागत समारंभाचे जेवण ठरवायला बसाल, तेव्हा माणसे किती, काउंटर किती, गोड काय, हे सगळे विचाराच. पण त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहा: या घरात शेवटी कोण जेवणार आहे, आणि त्याच्यासाठी गरम अन्न ठेवले आहे का?