गजाला पाजलेले पाणी

काँक्रीट बळकट खरे, पण एकाच अंगाने. त्यावर ओझे ठेवा, हूं की चूं करणार नाही. तेच ताणायला जा, दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्शातच तडकते. म्हणून त्याच्या पोटात लोखंड घालायचे. जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी सिमेंटच्या कुंड्या फुटतात म्हणून त्यांत लोखंडी जाळी घालू लागला. १८६७ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. ऊन-थंडीत लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारखेच वाढतात, म्हणून तर ही सोयरीक टिकली.

अडचण होती पकडीची. गुळगुळीत गोल गज ओढ बसताच आतल्या आत सरकतो. अमेरिकेत अर्नेस्ट रॅन्समने चौकोनी गजाला थंडच पीळ दिला आणि १८८४ साली पेटंट घेतले. पिळाने पकड आली, पोलादही कणखर झाले. आपल्याकडे १९६० नंतर रूढ झालेला ‘टॉर’ गज ह्याच वाणाचा. पण पिळलेले पोलाद ताठर होते. ताणले की लवकर तुटते.

तोड निघाली ती १९७०च्या दशकात, बेल्जममध्ये. तीच आजची ‘टीएमटी’ सळई. आपल्या जालन्याला भंगार विजेच्या भट्टीत वितळवून लांबट लगडी ओततात. त्या लालभडक करून खाचांच्या रुळांतून एकामागून एक लाटतात. शेवटच्या रुळात अंगावर वळ उठतात, पकड त्यांची. आणि मग खरी गंमत! तो धगधगता गज पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांतून क्षणात पार होतो. कातडी थिजून कडक होते, गाभा लालच राहतो. बाहेर पडल्यावर गाभ्यातली धग पुन्हा कातडीकडे येते आणि तिचा ठिसूळपणा घालवते. लोहार विळ्याला पाणी पाजतो ना, त्यातलाच हा प्रकार. बाहेरून कणखर, आतून लवचीक असा गज भूकंपात एकदम तुटत नाही. वाकतो, ताणतो, माणसांना बाहेर पडायला सवड देतो. ‘५०० डी’ अशी खूण असलेला गज तुटण्यापूर्वी निदान शेकडा १६ तरी लांबला पाहिजे, असे भारतीय मानक सांगते.

शाळेचे किंवा घराचे काम चालू असेल, तर एवढे मात्र पाहा. जाड गज वाकत नाही म्हणून कोणी तो गॅसच्या ज्योतीवर लाल करू लागला, तर त्याचा हात धरा. तापवलेल्या जागी ते पाजलेले पाणी उतरते, आणि बाक नेमका खांब-तुळईच्या सांध्यात असतो.