चक्रावरचा मुकुट

शिरोळला आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांचं एक पदक आहे. जुनी पदकं जमवण्याचा माझा छंद तिथूनच सुरू झाला. केशरी, पांढरी, हिरवी फीत आणि खाली तांबं-निकेलचा गोल. चांदीचं नाही, म्हणूनच ते सराफाच्या मुशीतून वाचलं असावं. पहिल्या महायुद्धातली चांदीची पदकं अनेक घरांनी अडचणीत मोडली.

पदकाच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि 15 ऑगस्ट 1947 ही तारीख. दुसऱ्या बाजूला अशोकचक्र. पण त्याच्या डोक्यावर ब्रिटिश मुकुट, भोवती लॅटिनमध्ये सहाव्या जॉर्जचं नाव! स्वातंत्र्याच्या पदकावर हा राजा कशाला, म्हणून लहानपणी मला लाज वाटायची. पुढे वाचनातून उलगडा झाला. 26 जानेवारी 1950 रोजी प्रजासत्ताक होईपर्यंत भारत डोमिनियन होता आणि कायद्याने राजा तोच होता. त्या अडीच वर्षांची अधांतरी अवस्था या पदकाने जशीच्या तशी जपली आहे.

एक गोष्ट मात्र त्यावर कोरलेली नाही. फाळणीत फौजही वाटली गेली. भारताच्या वाट्याला आलेल्या भागांतल्या मुस्लिम जवानांना कुठल्या फौजेत राहायचं, हे निवडायची मुभा होती. आजोबा इथेच राहिले.

पदकाच्या कडेवर त्यांचा नंबर आणि नाव आहे. कुणी आमच्या निष्ठेचा पुरावा मागितला, तर मी ते पदक पुढे करत नाही. आजोबांनी पुरावा म्हणून काही निवडलं नव्हतं. त्यांना आपल्या घरी यायचं होतं, एवढंच.